ट्रामच्या खिडक्या काढा

ज्या गावात ट्राम कधी धावलीच नाही, त्या गावात ट्राम वाचवायला निघालेला नवरा माझ्या वाट्याला आला. मुंबईत राहून हा उद्योग केला असता तर मी समजून घेतलं असतं. कलकत्त्यात केला असता तर लोकांनी हार घातले असते. पण आम्ही राहतो बंगळूरला, जे. पी. नगरात, गेली कित्येक वर्षं. इथे कोणाजवळ ट्रामचा विषय काढला की समोरचा आधी मेट्रो समजतो आणि मग ट्रॅफिकवर बोलत सुटतो. मला तर वाटतं, इथल्या ट्रॅफिकमध्ये ट्राम आणून सोडली असती तर ती अजून डेपोच्या दारातच उभी असती.

याची सुरुवात मला स्वच्छ आठवते, कारण मी तेव्हा रडत होते आणि माझ्याकडे कोणी लक्ष दिलं नाही. मुलाला विमानतळावर सोडून आम्ही परत येत होतो. तो शिकायला परदेशी निघाला होता. हायवेवर गर्दी होती म्हणून कॅबवाल्याने देवनहळ्ळीच्या आतल्या रस्त्याने गाडी घातली. एका बाजूला द्राक्षांचे मांडव, दुसऱ्या बाजूला प्लॉट विकायचे फलक. मी रुमाल शोधत होते, तेवढ्यात शेजारून आरोळी आली, "थांबा! थांबा, थांबा!"

मला वाटलं, ह्यांच्या छातीत कळ आली. मी रुमाल सोडून जिभेखाली ठेवायची गोळी शोधायला लागले. कॅबवाला बिचारा पांढराफटक पडला. गोळी सापडून मी मान वर केली तर हे दार उघडून, गटार ओलांडून, कोणाच्या तरी रानात शिरलेसुद्धा होते. मी चपला हातात घेऊन मागे गेले. पपनसाच्या दोन झाडांच्या मधोमध, दगडांच्या दोन ओळींवर, ट्रामचा एक डबा उभा होता. रंगाचे पोपडे सुटलेले, टपावर वाळका पाला. आत कोंबड्या. बाकांवर खिडकीशी एकेक अशा बसल्या होत्या, तिकीट काढून बसल्यासारख्या.

"बघितलंस?" हे म्हणाले.

"बघितलं. चला, कॅबचं मीटर पडतंय."

ह्यांनी ऐकलं नाही. हे डब्याच्या पुढच्या टोकाला गेले, पायरीवर चढले आणि ड्रायव्हरच्या जागेवर उभे राहिले. तिथे एक पितळी हँडल होतं आणि खाली, पायाशी, एक गंजलेलं बटण. त्यावर ह्यांनी पाय ठेवला आणि दाबला. आवाज काही आला नाही. कोंबड्या मात्र सगळ्या उडाल्या.

त्या बटणाचं मला सांगायलाच हवं. माझे सासरे मुंबईत ट्राम चालवत. मी लग्न होऊन घरात आले तोवर ट्रामा कधीच बंद झाल्या होत्या आणि सासऱ्यांना बसच्या डेपोत एका खिडकीमागे बसवलं होतं, पास द्यायला. तिथूनच ते निवृत्त झाले. ट्रामबद्दल त्यांच्या तोंडून मी एक अक्षर ऐकलं नाही. पण घरात कोणी त्यांच्या वाटेत आलं की त्यांचा उजवा पाय जमिनीवर दोनदा आपटायचा. टक् टक्. नवी नवरी असताना मला वाटायचं, मला हाकलतायत. एकदा डोळ्यांत पाणी आलं तेव्हा सासूबाईंनी सांगितलं, "अगं, ती घंटा आहे. ट्रामला भोंगा नसतो. ड्रायव्हर पायाने घंटा वाजवतो. ह्यांचा पाय अजून कामावर आहे."

हाच पाय माझ्या नवऱ्याला वारसाहक्काने मिळाला. मुंबईत ट्राम बंद झाली तेव्हा हे पहिलीत होते. रविवारी वडिलांच्या शेजारी उभं राहून ह्यांनी त्या बटणावर पाय ठेवला होता, एवढी एक आठवण ह्यांच्याजवळ आहे. वडिलांनी कबूल केलं होतं, शेवटच्या दिवशी तुला बरोबर नेतो. नेलं नाही. का नेलं नाही, ते ह्यांनी विचारलं नाही आणि त्यांनी सांगितलं नाही. असले दोन मुके एका घरात राहिले की तिसऱ्याच्या डोक्याला ताप होतो. आमच्या रिक्षेपुढे कोणी आडवं आलं की ह्यांचा पाय चालतो. सिल्क बोर्डाच्या चौकात तर तो थांबतच नाही. एका रिक्षावाल्याने मागे वळून विचारलंही होतं, "सर, इरुवे इदिया?" म्हणजे मुंग्या आहेत का पायाखाली.

तर त्या दिवसापासून ह्यांनी एकच घोशा लावला. ही ट्राम एकदा चालली पाहिजे. फार नाही, रुळाचे दोन तुकडे टाकून, बॅटरीवर, इथून त्या पपनसाच्या झाडापर्यंत. पण चालली पाहिजे, आणि घंटा वाजली पाहिजे.

रानाचा मालक एका सॉफ्टवेअर कंपनीतला साहेब होता. कलकत्त्याहून त्याने तो डबा भंगारात घेतला होता, फार्महाउसची पाहुण्यांची खोली करायला. त्याच्या बायकोने त्यात झोपायला साफ नकार दिला. मी तिला कधी भेटले नाही, पण माझा तिला पूर्ण पाठिंबा आहे. मालक म्हणाला, "घ्या सर, तुमचीच समजा. जमीन माझी आहे तोवर राहू दे इथे." ह्यांनी त्या वाक्याचा पहिला भाग तेवढा ऐकला.

मग आमचे रविवार गेले. जे. पी. नगर गावाच्या एका टोकाला, देवनहळ्ळी दुसऱ्या. मध्ये अख्खं बंगळूर. पहाटे डबे भरून निघायचं, दोन बस बदलायच्या, उन्हात बसून गंज खरवडायचा आणि संध्याकाळी तेच सगळं बंगळूर उलटं ओलांडायचं. येणारा जाणारा विचारायचा, "इदेन् बस्सा?" ही काय बस आहे का? हे प्रत्येकाला थांबवून पहिल्यापासून सांगायचे. मी सांगायचे, "हौदु, बस्सु," हो, बसच. माणूस समाधानाने निघून जायचा.

ह्यांना साथीदारही मिळाले, तेही एकापेक्षा एक. पहिले अण्णा. अण्णा बेळगावचे, वीजखात्यातून निवृत्त, घरी मराठी आणि जन्मभर बाहेर कन्नड. माणूस सोन्यासारखा, पण त्यांचं मराठी आमच्या मराठीपेक्षा जरा वेगळ्या वाटेने जातं. पहिल्यांदा आमच्याकडे आले तेव्हा वीज गेली होती, बेल वाजेना. बाहेरून हाक आली, "वहिनी, दार काढा!"

मी आतून म्हटलं, "अहो, नुसतं उघडलं तर चालेल का?"

दार उघडल्यावर ते बराच वेळ हसत होते. मग त्यांनी समजावून सांगितलं. कन्नडमध्ये दार उघडायलाही 'तेगे' आणि वस्तू काढायलाही 'तेगे', एकच शब्द. बेळगावात मराठीनेही तीच सवय उचलली. तिकडे दार काढतात, खिडकी काढतात, दुकानसुद्धा सकाळी काढतात. "तुम्ही मुंबईवाले उघडत बसा की ओ," ते म्हणाले. त्यानंतर आमच्या घरात ती थट्टाच झाली. हे बाहेरून आले की म्हणायचे, "काढ गं दार."

दुसरी साथीदार म्हणजे व्हाइटफील्डची जोडी, नवरा-बायको, दोघंही पुण्याची, दोघंही आयटीत. ह्यांनी इंटरनेटवर टाकलेला डब्याचा फोटो बघून आली. गोड पोरं, आणि कामाला वाघ. पण उत्साह असा की बघणाऱ्याला दम लागावा. "काकू, कसली भारी वाइब आहे इथे!" ती म्हणायची. मी कोंबड्यांची घाण खरवडत असायचे.

हे चौघं जमले की काम कमी आणि वाद जास्त. रंग कुठला द्यायचा यावर दोन महिने गेले. ह्यांना मुंबईचा हवा. तो पुण्याचा मुलगा म्हणे, गाडी कलकत्त्याची, तर रंग कलकत्त्याचा. त्याची बायको म्हणे, रंगच द्यायचा नाही, आहे तसं जपायचं, पोपड्यांसकट. अण्णा म्हणायचे, "आधी गंज तरी काढा की." आणि मी म्हणायचे, "आधी जेवा." माझंच तेवढं ऐकलं जायचं.

तरी एक सांगते. हळूहळू तो डबा दिसायला लागला. आतली बाकं घासल्यावर सागवान निघालं. बाकांच्या पाठी पुढेमागे उलटायच्या, कारण ट्रामला पुढचं टोक आणि मागचं टोक असं नसतंच, दोन्हीकडून चालते. त्या पाठी परत उलटायला लागल्या. दोन्ही बाजूंना लाकडी खिडक्यांची रांग होती, चौकटीत वर सरकणारी झडप आणि ती अडकवायला पितळी खटका. ह्यांनी घंटाही मोकळी केली. पहिल्यांदा ती वाजली तेव्हा मी झाडाखाली भाकऱ्यांचं फडकं सोडत होते. ठण् ठण्. मी वर बघितलं. हे बटणावर पाय ठेवून उभे होते आणि तोंड दुसरीकडे वळवलं होतं. मी काही बोलले नाही. बोलले असते तर पुढच्या रविवारी कुरकुर करायची सोय राहिली नसती.

आणि मग मालकाने जमीन विकली. तिथे लेआउट होणार होता, रस्ते, प्लॉट, कमान. "उगादीपर्यंत हलवा सर," तो म्हणाला, म्हणजे आपल्या पाडव्यापर्यंत. ह्यांचा चेहरा असा झाला की मलाच त्याचा राग आला. वास्तविक त्याने पहिल्या दिवशी सांगितलं होतं.

ट्राम हलवायची तर कुठे? कोणाच्या पार्किंगमध्ये ती मावत नाही. ह्यांनी शाळा बघितल्या, बागा बघितल्या, एका देवळाच्या आवारात विचारून आले. शेवटी त्या जोडीनेच वाट काढली. ते राहत होते त्या व्हाइटफील्डच्या मोठ्या कॉम्प्लेक्सला फाटकाजवळच्या हिरवळीवर काहीतरी जुनंपुराणं हवं होतं. त्यांची कमिटी तयार झाली. ह्यांनी अट घातली, रुळाचा तुकडा टाकायचा आणि डबा बॅटरीवर चालवायचा. कमिटीने मान्य केलं, मुलांना बसता येईल म्हणून. त्यांचीही अट होती. आधी बघायला येणार, आणि डबा धड दिसला पाहिजे, दारं-खिडक्यांसकट, कोंबड्यांशिवाय.

म्हणजे आता सगळं त्या एका भेटीवर आलं. कमिटीला डबा आवडला तर ट्राम वाचणार आणि चालणार. नाहीतर भंगारात.

भेटीच्या आधीच्या आठवड्यात अवकाळी पाऊस झाला आणि डब्यात ओल धरली. शनिवारी ह्यांना डोळे तपासायला जायचं होतं. अण्णा तापाने झोपून होते. जोडी एकटीच देवनहळ्ळीला गेली. अण्णांनी पडल्या पडल्या त्यांना फोन केला, "सगळ्या खिडक्या काढून ठेवा. आत जरा वारं लागू दे."

दुपारी आम्ही दवाखान्यातून बाहेर पडलो. ह्यांच्या डोळ्यांत औषध घातलं होतं, काही दिसत नव्हतं. माझा हात धरून चालत होते. ह्यांच्या मोबाइलवर ग्रुपमध्ये फोटो आला.

"काय आहे, बघ," हे म्हणाले.

मी बघितलं. "खिडक्या आहेत."

"उघड्या ठेवल्या ना? ओल सुकेल."

"उघड्या नाहीत," मी म्हटलं. "आडव्या आहेत."

निळ्या प्लास्टिकच्या ताडपत्रीवर, गवतात, ट्रामच्या सगळ्याच्या सगळ्या खिडक्या ओळीने निजवल्या होत्या. प्रत्येकीवर इंग्रजी अक्षराची चिकटपट्टी. मागे उभी जोडी, अंगठे वर केलेले, घामाघूम आणि खूश. खाली लिहिलं होतं, "ऑल डन, काका! काढून ठेवल्या!"

दुसऱ्या दिवशी आम्ही गेलो. तापातले अण्णाही मफलर गुंडाळून आले. डब्याकडे बघून त्यांच्या तोंडून शब्द फुटेना. मग फुटले ते थांबेनात. "काय करूलाय ओ हे? काढा म्हटलं की ओ मी! काढा! उपटा म्हटलं नव्हतं!"

"पण काका, काढा म्हणजे काढाच ना?" तो मुलगा म्हणाला. त्याचा चेहरा पडला होता. "आम्ही किती केअरफुली काढल्या. ड्रिल वापरलं, जिथे निघेना तिथे पहार लावली."

"पहार!" अण्णा मटकन पायरीवर बसले.

त्या पोरीला रडू फुटलं. अण्णा तिच्यावर ओरडले आणि लगेच स्वतःच रडकुंडीला येऊन तिला पाणी द्यायला धावले. मी एकेक करून सगळ्यांवर चिडून बघितलं आणि कोणावर चिडायचं तेच ठरेना. दोघंही बरोबर मराठी बोलले होते. हे मात्र खिडक्यांपाशी उकिडवे बसून एकेक उचलून बघत होते. बऱ्याच चौकटी चिरल्या होत्या. शेवटी म्हणाले, "टेम्पो बोलवा. घरी नेतो."

घरी! दोन खोल्यांचं आमचं घर. त्या दिवसापासून आमच्याकडे बंगळूरमधल्या कुठल्याही घरात नसतील एवढ्या खिडक्या झाल्या. सोफ्यामागे खिडक्या, पलंगाखाली खिडक्या, फ्रिजला टेकून खिडक्या. ह्यांनी बाल्कनीत सुतारकाम मांडलं. घासकागदाची भुकटी पोह्यांत, चहात, माझ्या केसांत. पहिली खिडकी नीट झाली ती ह्यांनी बाल्कनीच्या कठड्याला शिकंज्यांनी आवळून उभी केली, बरोबर माझ्या वाळत घालायच्या दोरीच्या पुढ्यात. चौकट सांधली, झडपेच्या पट्ट्या बसवल्या, खटका चमकवला. पण झडप काही वर जाईना. जुना रंग खाचेत दगड होऊन बसला होता.

"ठोका की," मी म्हटलं.

"जबरदस्ती करायची नाही. हळूहळू ऐकेल."

लाकडाशी इतक्या मायेने बोलणारा हा माणूस मला रोज विचारायचा की टॉवेल ओला का आहे. मी सांगायचे, तुमच्या खिडकीने ऊन अडवलंय म्हणून. "ह्या आधी काढा इथून," मी दिवसातून कितीदा तरी म्हणायचे. "काढतो, काढतो," हे म्हणायचे. अण्णा आलेले असले तर तेवढ्यातही हसायचे, "वहिनी, कुठल्या अर्थानं?"

मधल्या काळात कमिटी ठरल्याप्रमाणे येऊन गेली होती. दोन बायका आणि एक गृहस्थ. डब्याला फेरी मारून ते गृहस्थ म्हणाले, "अंकल, हा तर नुसता सांगाडा आहे." ह्यांनी समजावलं. सगळ्या खिडक्या घरी आहेत, दुरुस्त होतायत. त्या बायका भल्या होत्या. म्हणाल्या, लावून झाल्या की कळवा, आम्ही परत येऊ. ह्यांनी मालकाला गळ घातली. तोही भला. "स्वल्प अड्जस्ट करू सर. उगादी झाल्यावर एक आठवडा घ्या." सगळे भले होते. मी इतक्या भल्या माणसांच्या हातून इतकं वाटोळं झालेलं कधी पाहिलं नाही.

उगादीच्या दिवशी मी कडुलिंब-गूळ हातावर ठेवला तर ह्यांच्या हाताला सरसाचा वास. शेवटची खिडकी सांधत होते. दोन दिवसांनी सकाळी मालकाचा फोन आला. हे "हं, हं" करत ऐकत होते. मग त्यांनी फोन माझ्या हातात दिला आणि बाल्कनीत गेले. पलीकडून मालक म्हणत होता, "तप्पु तिळ्कोबेडि, मॅडम." गैरसमज करून घेऊ नका.

आम्ही गेलो. अण्णाही आले. पपनसाची झाडं नव्हती. दगडांच्या दोन ओळी होत्या, जागच्या जागी, आणि मधे मऊ लाल माती. कोंबड्या तिथेच फिरत होत्या. जमीन घेणाऱ्याच्या कंत्राटदाराचा एक माणूस जेसीबीच्या सावलीत बसून डबा खात होता. आम्हाला बघून उठला, हात धुतला. अण्णांनी त्याला विचारलं. तो घाईघाईने सांगू लागला, डोळे आमच्या सगळ्यांवरून फिरवत. शेवटी म्हणाला, "किटकी एल्ला तेगेदिद्रु, सर. अदक्के."

अण्णा दगडांच्या ओळींकडे बघू लागले.

"काय म्हणतो?" ह्यांनी विचारलं.

मला कळलं होतं. तीस वर्षं मी ह्याच गावात भाजी घेते. पण सांगायचं अण्णांना होतं, आणि त्यांनी सांगितलं. "खिडक्या सगळ्या काढल्या होत्या, म्हणतो. म्हणून. कुणीतरी मोडायला सुरुवात केलेलीच आहे, असं वाटलं त्याला." मग ते स्वतःच्या तोंडावर हात ठेवून जरा लांब जाऊन उभे राहिले.

ह्यांनी घंटेचं विचारलं. तो म्हणाला, लोखंड-पितळ सगळं एकाच ट्रकमध्ये गेलं.

परतीच्या वाटेवर हेब्बाळच्या पुलावर आम्ही बराच वेळ अडकलो. एक स्कूटरवाला आमच्या कॅबला घासून पुढे शिरला, मग आणखी एक. मी ह्यांच्या पायाकडे बघत होते. पाय हलला नाही.

त्यानंतरचे दिवस मला नको झाले. हे चिडले असते तर मला बरं वाटलं असतं. चिडणं मला येतं, त्यात मी साथ देऊ शकते. पण हे सोफ्यावर बसून राहायचे, मागे खिडक्यांचा ढीग. जोडी मिठाईचा पुडा घेऊन आली आणि पुड्याला हात न लावता बसून राहिली. ह्यांनी त्यांच्या नोकरीची चौकशी केली. अण्णा आले आणि म्हणाले, "माझ्या जिभेनं घात केला ओ." हे म्हणाले, "जिभेचं काय, भाषाच तशी आहे," आणि चहा घ्या म्हणाले. ते गेल्यावर पुन्हा तसेच. मी आतल्या आत जळत होते. कोणावर ते अजूनही ठरत नव्हतं. कंत्राटदारावर, मालकावर, सासऱ्यांवर. एका पोराला शेवटच्या दिवशी बरोबर नेलं असतं तर काय बिघडलं असतं!

एका सकाळी मी बादलीभर धुणं घेऊन बाल्कनीकडे निघाले होते. हे सोफ्यावरूनच म्हणाले, "अगं, ऐक."

"काय?"

"त्या खिडक्या काढून टाक सगळ्या. भंगारवाला आला की दे."

हेच ऐकायला मी किती दिवस ताटकळले होते. त्यांनी मान वर केली नव्हती. पेपर हातात होता, उलटा नव्हता, पण वाचतही नव्हते. मी बादली खाली ठेवली आणि बाल्कनीत गेले.

ती पहिली खिडकी कठड्यापाशी आवळलेली होती, झडप खाली, बंद. मी काही लाकडाची मनधरणी करणारी बाई नाही. पदर खोचला, दोन्ही तळहातांनी झडपेला खालून धपके घातले. एक, दोन. खाचेतून रंगाची भुकटी पडली. तिसऱ्या धपक्याला ती करकरत वर गेली आणि पितळी खटक्यात खट्‌कन बसली. माझ्या तोंडावर ऊन आलं.

"काढली!" मी बाल्कनीतून ओरडले.

आत पेपर सळसळला.

"काढली म्हटलं! आता दुसरी कुठली काढू?"

सोफा कुरकुरल्याचं ऐकू आलं. हे दारात आले. खिडकीकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, माझ्या हातांकडे बघितलं. ते लाल झाले होते.

"अण्णांचं मराठी बोलायला लागलीस," हे म्हणाले.

"मग काय करू? तुमच्या मराठीत ती गेली असती भंगारात."

हे पुढे आले. मी बाजूला झाले, तेवढी जागा नव्हती, तरी झाले. ह्यांनी दोन्ही कोपरं खिडकीच्या चौकटीवर ठेवली आणि बाहेर बघू लागले. खाली नेहमीचाच रस्ता होता. पाण्याचा टँकर आडवा उभा, त्यामागे शाळेची बस, रिक्षा, स्कूटर, सगळे एकमेकांच्या वाटेत आणि सगळे भोंगे वाजवत होते. कोणी कोणाचं ऐकत नव्हतं.

मी ओली चादर पिळायला घेतली. आणि तेव्हा लादीवर आवाज आला. टक् टक्.

खाली कोणी बाजूला झालं नाही.